अरुंद हॉल आणि कॉर्नर सोफा



नव्या घराची चावी हातात पडली की पुढचे दोन महिने घरात दोनच विषय असतात. गृहप्रवेशाच्या वंदनेला कोणाकोणाला बोलवायचे हा एक, आणि हॉलमध्ये सोफा कसला घ्यायचा हा दुसरा. पहिला विषय चार दिवसांत मिटतो. दुसऱ्यावरून सासू-सुनांची, नवरा-बायकोची आणि हल्ली तर बाप-लेकीचीही बोलाचाली होते. गेल्या काही आठवड्यांत तीन-चार भगिनींनी मला एकच प्रश्न विचारला : आमचा हॉल अरुंद आहे, कॉर्नर सोफा घ्यावा का? एकेकीला तोंडी उत्तर देण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहिते.

प्रश्न आताच का निघाला तेही उघड आहे. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या इमारतींतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या एका खोलीतून ती माणसे ५०० चौरस फुटांच्या घरात गेली. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींतही आधी २२५, मग २६९ आणि त्यानंतर ३०० चौरस फूट असे क्षेत्रफळ वाढत गेले. पण क्षेत्रफळ वाढले तरी हॉलची रुंदी फारशी वाढलेली दिसत नाही. हॉल लांब होतो, रुंद होत नाही. टेप लावून पाहा, नऊ-साडेनऊ फूट, फार तर दहा. आगगाडीच्या डब्यासारख्या या हॉलमध्ये दुकानातला तो भला मोठा एल शेप सोफा ठेवायचा म्हणजे आधी थोडा हिशेब करावा लागतो.

हिशेबाआधी एक गोष्ट बोलून टाकते. आपल्यातलीच काही शिकली-सवरलेली मंडळी म्हणतात की सोफा म्हणजे दिखाऊपणा, गरिबाच्या घरी चटई बरी. मला हे पटत नाही. ज्यांच्या पणजोबाला गावच्या चावडीसमोर मातीत बसावे लागे, स्वतःच्या दारात खाटेवर बसले असले तरी वरच्या आळीचा माणूस दिसताच उठून उभे राहावे लागे, त्यांच्या पणतीला आपल्या घरी आलेल्या माणसाला "वर बसा" म्हणावेसे वाटले तर त्यात दिखाऊपणा कसला? जरूर घ्या सोफा. चांगला घ्या. फक्त तो घराच्या मापाचा घ्या, शेजारणीच्या सोफ्याच्या मापाचा नको.

आता हिशेब. आपण एक नमुन्याचा हॉल धरू. रुंदी ९ फूट, लांबी १३ फूट. एका टोकाला मुख्य दार, ते आत उघडते. दुसऱ्या टोकाला खिडकी. एका लांब भिंतीत पुढे स्वयंपाकघराकडे आणि न्हाणीघराकडे जाण्याची वाट. समोरची लांब भिंत मोकळी, तिथे सोफा.

सोफ्याची खोली, म्हणजे पाठीपासून पुढच्या कडेपर्यंतचे माप, साधारण ३ फूट असते. काही नव्या सोफ्यांची त्याहून जास्त. सरळ तीन माणसांचा सोफा भिंतीला लावला की ९ फुटांतले ६ फूट उरतात. समोर टीव्हीचे कपाट असेल तर त्याचा सव्वा ते दीड फूट गेला. उरले साडेचार-पावणेपाच फूट. यातून जाणे-येणे सुखाने होते.

कॉर्नर सोफ्याचे दुकानात दोन प्रकार दिसतात. एकात दोन्ही बाजूंना पाठ असते, जणू दोन सोफे काटकोनात जोडलेले. दुसऱ्यात एका टोकाला पाय पसरायची लांब बैठक असते, तिला दुकानदार लाऊंजर म्हणतात, कोणी दिवाणही म्हणतात. लाऊंजर भिंतीपासून ५ ते साडेपाच फूट पुढे येतो. ९ फुटांतून ५ गेले, ४ उरले. समोर दीड फुटाचे कपाट असेल तर अडीच फूट. अडीच फूट म्हणजे ३० इंच, आणि माणसाला हातात ताट घेऊन न अडखळता जायला तेवढे लागतातच. त्याहून कमी झाले की घरातली वाट संपली असे समजा. मग पोरे लाऊंजरवरून उड्या मारत स्वयंपाकघरात जातात आणि सोफ्याचे कापड सहा महिन्यांत फाटते.

म्हणून पहिला नियम असा की कॉर्नर सोफ्याचा आडवा भाग कधीही वाटेवर येऊ द्यायचा नाही. तो हॉलच्या त्या टोकाला हवा जिथून पुढे कोणी कुठे जात नाही. आपल्या नमुन्याच्या हॉलमध्ये असे टोक एकच आहे, खिडकीचे. दाराच्या टोकाला आडवा भाग आला तर घरात शिरल्या शिरल्या गुडघा आपटतो. शिवाय सिलिंडर आत नेताना, तान्ह्या मुलाला घेऊन जाताना, आणि आजारी माणसाला उचलून बाहेर आणायची वेळ आली तर काय होते याचाही विचार करा. खुर्चीवर बसवून माणूस न्यायचा असेल तर खुर्ची आणि दोन्ही बाजूंनी धरणारे दोघे जातील एवढी वाट लागते. सोफ्याचा फोम आगीत भराभर पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. त्यामुळे एकुलत्या एका दाराच्या तोंडाशी फोमचा ढीग ठेवणे तसेही शहाणपणाचे नाही.

तर कॉर्नर सोफ्याला खिडकीचा कोपरा हवा. आणि इथेच खरी अडचण सुरू होते, जी कुठलाही दुकानदार सांगत नाही. घरातला तोच एक कोपरा असा असतो जिथे दिवसा उजेड येतो, वारा येतो, आणि येता-जाता कोणाचा धक्का लागत नाही. म्हणजे मुलांच्या अभ्यासाची जागाही तीच.

माझ्या माहितीतल्या एका घरची गोष्ट सांगते. थोरली दहावीला, धाकटा सातवीला. नव्या घरात आले तेव्हा खिडकीपाशी दुमडायचे टेबल होते, थोरली त्यावर बसायची. दिवाळीला कॉर्नर सोफा आला आणि टेबल दुमडून दाराआड गेले. मुलगी सोफ्यावर मांडी घालून, मांडीवर उशी ठेवून लिहू लागली. समोर टीव्ही. आई म्हणाली, "अगं, किती छान बसायला मिळालं तुला, आमच्या वेळी होतं का असं?" मुलगी काही बोलली नाही, पण जानेवारीपासून रोज संध्याकाळी मैत्रिणीच्या घरी अभ्यासाला जाऊ लागली. आत्या राहायला आली तेव्हा तिने विचारले, "पोरगी घरात का थांबत नाही गं?" मग सगळ्यांच्या लक्षात आले. त्या घराने चांगला मार्ग काढला. सोफ्याचे दोन भाग सुटे होत होते, त्यातला आडवा भाग त्यांनी आतल्या खोलीत नेला, तिथे आजी त्यावर झोपू लागली, आणि टेबल पुन्हा खिडकीशी आले.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे. घरात आठवी ते पदवीपर्यंतचे कोणी शिकत असेल आणि त्याच्यासाठी वेगळी खोली नसेल, तर खिडकीचा कोपरा सोफ्याला देऊ नका. सरळ सोफा घ्या. मुले शिकून नोकरीला लागली की मग त्यांच्या पगारातून कॉर्नर सोफा येऊ द्या. कोणाला हे कठोर वाटेल. पण टेबल, दिवा आणि पाठ टेकायला भिंत एवढे मिळण्यासाठी आपल्या कितीतरी पोरांना रात्री रस्त्याच्या दिव्याखाली नाही तर बुद्धविहारात जावे लागले आहे. आता स्वतःचा कोपरा मिळाला असेल तर तो कुशनने भरू नये.

दुसरा हिशेब झोपेचा. आपल्या घरांत हॉल म्हणजे फक्त बैठक नसते. रात्री तिथे माणसे झोपतात. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारे विदर्भ-मराठवाड्याकडचे पाहुणे मुंबईत आपल्याच हॉलमध्ये पथारी टाकतात. नागपूरकरांकडे दीक्षाभूमीच्या सोहळ्याला तसेच. माणसाला झोपायला अडीच फूट रुंद आणि सहा फूट लांब जागा लागते. आपल्या हॉलमध्ये टीव्ही भिंतीवर टांगला आणि खाली कपाट ठेवले नाही, तर सरळ सोफ्यापुढे ६ फूट रुंदीची जागा मिळते. दार उघडण्यासाठी ३ फूट सोडले तर लांबी १० फूट. म्हणजे आडवी चार माणसे जमिनीवर आणि एक सोफ्यावर. पाच झाली. लाऊंजरचा सोफा असेल तर खिडकीकडच्या अडीच फुटांत पुढे फक्त ४ फूट उरतात, तिथे मोठ्या माणसाला पाय पसरता येत नाहीत. चारच माणसे झोपतील. कॉर्नर सोफा म्हणजे एका माणसाची झोप गेली असा हा साधा हिशेब आहे. घरात तिघेच राहत असाल आणि पाहुण्यांचा राबता नसेल तर हरकत नाही. सात माणसांच्या घरात मात्र हा प्रश्न रोज रात्री दहा वाजता उभा राहतो, आणि बहुतेक वेळा त्याची किंमत घरातली सून किंवा म्हातारी मोजते. तीच स्वयंपाकघरात ओट्याखाली अंथरूण टाकते.

यावर सोफा-कम-बेड हा उपाय लोक सांगतात. उपाय चांगला आहे, पण तो उघडल्यावर किती पुढे येतो ते दुकानात उघडून, टेपने मोजून घ्या. बंद असताना ३ फुटांचा सोफा उघडल्यावर ६ फूट किंवा जास्त होतो. मग रात्री वाट किती उरली? म्हाताऱ्या माणसाला रात्री दोनदा उठून न्हाणीघरात जावे लागते, त्याचा पाय अंधारात बेडच्या कडेला लागू नये. आणखी एक गोष्ट. तो बेड रोज उघडणारे आणि मिटणारे हात कोणाचे? स्प्रिंग जड असेल तर आठ दिवसांत तो उघडणे बंद होते आणि माणसे पुन्हा खाली झोपू लागतात. हे मी बऱ्याच घरांत पाहिले आहे.

तिसरा हिशेब बसण्याचा. दुकानदार म्हणतो, "ताई, सेव्हन सीटर आहे." कोपऱ्यात बसून पाहा. कोपऱ्याच्या जागेवर एक माणूस आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोघे बसले की तिघांचे गुडघे एकमेकांना भिडतात. कोपऱ्यात बसलेल्याला पाय ठेवायला जागाच नसते. म्हणून ती जागा उशा, रिमोट आणि धुतलेल्या कपड्यांचा ढीग ठेवण्याच्या कामी येते. लाऊंजरवर तर पाहुणे बसतच नाहीत. तिथे बसायचे म्हणजे पाय पसरावे लागतात, आणि आपल्याकडे कोणाच्या घरी जाऊन कोण पाय पसरतो? सातातले प्रत्यक्षात पाचच बसतात. सरळ तीन माणसांचा सोफा आणि दोन हलक्या खुर्च्या, किंवा दोन पफ्या, यांत तेवढीच माणसे बसतात. आणि खुर्च्या उचलता येतात.

उचलता येण्याला आपल्या घरात फार महत्त्व आहे. घरात वंदना असते, परित्राणपाठ असतो, दुःखद प्रसंगी पुण्यानुमोदनाला वीस-पंचवीस माणसे येतात. त्या वेळी हॉल रिकामा करून सतरंजी अंथरावी लागते. भंतेजींचे आसन, पुढे मूर्तीचे टेबल, मग बाकीची मंडळी. अखंड जोडलेला कॉर्नर सोफा अशा वेळी डोंगरासारखा मध्ये बसतो. काही जण सोफ्यावर आणि काही खाली, म्हणजे भंतेजींपेक्षा उंच बसायचे, हेही माणसांना रुचत नाही. ज्यांना कॉर्नर सोफाच घ्यायचा आहे त्यांनी तो दोन किंवा तीन सुट्या भागांचा घ्यावा. खाली लोखंडी क्लिपने भाग अडकवलेले असतात, ते दोघांनी उचलून सोडवता येतात का, हे दुकानातच करून पाहावे.

सुट्या भागांचा दुसरा फायदा सोफा घरी येतो त्या दिवशी कळतो. सोफा हॉलमध्ये मावेल की नाही हे सगळे मोजतात, दारातून जाईल की नाही हे फार थोडे. दाराची चौकट ३ फुटांची असली तरी दार उघडल्यावर मोकळी जागा ३१-३२ इंचच मिळते. सोफ्याची उंची किंवा खोली, दोन्हींपैकी एक माप तरी त्याहून कमी हवे, म्हणजे तो आडवा करून आत घेता येतो. पाय काढता येत असतील तर चार-सहा इंच तिथेही वाचतात. इमारतीच्या लिफ्टचे दार, आतली उंची, जिन्याच्या वळणावरची रुंदी आणि तुमच्या दाराबाहेरच्या बोळाची रुंदी ही चारही मापे कागदावर लिहून दुकानात न्या. लिफ्टमधून फर्निचर नेऊ देतात का ते सोसायटीत आधी विचारा. नाही तर अकराव्या मजल्यापर्यंत खांद्यावरून आणायची हमाली तुमच्या माथी बसते. हमाली मजल्यामागे किती हे बिल होण्याआधी ठरवा, टेम्पो दारात आल्यावर नको.

डावे-उजवे हा आणखी एक घोटाळा. कॉर्नर सोफ्याचा आडवा भाग डावीकडे की उजवीकडे हे कोणी सोफ्यासमोर उभे राहून सांगतो, कोणी सोफ्यावर बसून. दोन्हींत उत्तर उलटे येते. तोंडी सांगू नका. वहीच्या पानावर हॉलचा नकाशा काढा, दार कुठे, खिडकी कुठे, सोफा कसा, ते दाखवा आणि त्या पानावर दुकानदाराची सही घ्या. बिलावर "समोर उभे राहून पाहिल्यास डावीकडे" असे शब्द लिहून घ्या.

आणि दुकानात जाण्यापूर्वी घरी एक गोष्ट नक्की करा. जुनी वर्तमानपत्रे घ्या, सोफ्याच्या मापाची जोडून चिकटवा आणि हॉलमध्ये जमिनीवर पसरून ठेवा. दोन दिवस तशीच राहू द्या. कपाटाचे दार, फ्रिजचे दार, मुख्य दार पूर्ण उघडते का पाहा. रात्री अंथरुणे घालून पाहा. कागदावर पाय पडतो तिथे उद्या गुडघा लागणार आहे. खर्च शून्य, आणि सासूबाईंनाही आपोआप पटते. दुकानात सोफा लहान दिसतो, कारण तिथले छत उंच आणि जागा पन्नास फुटांची असते. घरी कागद खोटे बोलत नाही.

आता माल कसा बघायचा ते. हा भाग तुम्ही कुठूनही खरेदी केली, उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून, जोगेश्वरीच्या ओशिवऱ्यातून किंवा नाक्यावरच्या सुताराकडून, तरी सारखाच आहे. सोफा कापडावरून घेऊ नका. तो उलटा करायला सांगा. खाली पातळ कापड ठोकलेले असते, त्याचा एक कोपरा उघडून सांगाडा दाखवा म्हणावे. सांगाडा लाकडाचा आहे की भुशाच्या दाबलेल्या फळीचा हे तिथे दिसते. भुशाची फळी पावसाळ्यात ओल धरते, फुगते, आणि स्क्रू सुटू लागतात. मुंबई-कोकणच्या हवेत ती सोफ्याला नकोच. सागवान परवडत नसेल तर साल किंवा तशाच कठीण लाकडाचा सांगाडा आणि चांगला प्लायवुड चालतो. जोड खिळ्यांनी ठोकलेले आहेत की स्क्रू आणि डिंकाने बसवलेले, तेही पाहा. बैठकीखाली वळणावळणाच्या स्प्रिंगा असतात किंवा रबरी पट्टे. पट्टे जवळजवळ आणि घट्ट हवेत. लांब अंतरावर असतील तर दोन वर्षांत मध्ये खड्डा पडतो.

फोमला घनतेचा आकडा असतो. ३२, ४० असे म्हणतात, म्हणजे एक घनमीटर फोमचे वजन तितके किलो. आकडा जास्त म्हणजे फोम जास्त टिकाऊ, कडकच असेल असे नाही. बैठकीला ३२ च्या खाली जाऊ नका, रोज त्यावर कोणी झोपणार असेल तर ४० मागा. पाठीला हलका चालतो. सोफ्यावर दहा मिनिटे बसा, उठा आणि बैठक पुन्हा वर येते का पाहा. दुकानदार घाई करील. करू द्या.

आजीला बरोबर न्या. तिच्यासारखी पारख दुसऱ्या कोणाला नाही. हल्लीचे सोफे ठेंगणे आणि खोल असतात, तरुणांना आवडतात, पण गुडघेदुखीच्या माणसाला त्यातून उठताना दोघांनी हात द्यावा लागतो. जमिनीपासून बैठक १७-१८ इंच उंच आणि बसायची खोली २०-२२ इंच हवी, म्हणजे पाय जमिनीला टेकतात आणि पाठही टेकते. हाताला धरायला भक्कम दांडा हवा. लाऊंजरच्या टोकाला हा दांडा नसतो. तेव्हा आजीची जागा दुसऱ्या टोकाला, न्हाणीघराच्या वाटेजवळ ठेवा.

कापडाचे म्हणाल तर रेक्झिन पुसायला सोपे, म्हणून आपल्या बायकांना आवडते. पण स्वस्त रेक्झिन दमट हवेत दोन-तीन वर्षांत सोलून निघते, आणि उन्हाळ्यात घामाने पाठीला चिकटते. विणीचे जाड कापड घ्या, मध्यम रंगाचे, बारीक नक्षीचे. डोक्याच्या तेलाचे डाग पाठीवर पडणारच, म्हणून वरती टाकायला धुवायचे कापड शिवून ठेवा. गाद्यांना चेन असलेली खोळ असेल तर ती काढून धुता येते. चेन फक्त दिसायला लावलेली आहे की खरोखर उघडते, ते दुकानात उघडून पाहा!

खालची जागा हा घरोघरीचा वाद आहे. बैठकीखाली पेटी असलेला सोफा गोधड्या आणि पाहुण्यांच्या उशा ठेवायला सोयीचा, अरुंद घरात तर फारच. पण तो जमिनीला टेकलेला असतो. त्याच्याखाली केरसुणी जात नाही आणि झुरळे, उंदीर निवांत राहतात. पायाचा सोफा घेतला तर पाय सहा इंच तरी असावेत, म्हणजे पोछा आतपर्यंत जातो. माझी निवड पायांच्या सोफ्याची. गोधड्या माळ्यावर जाऊ शकतात, उंदीर नाही. पेटीचाच घेतला तर महिन्यातून एकदा सगळे काढून ऊन दाखवा आणि सांध्यांत ढेकूण तर नाही ना ते बघा. सोफा कोणताही असो, भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ठेवा. बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते आणि मागचे कापड काळे पडते.

पैशांचे बोलू. सुताराकडून करून घेणार असाल तर तिसरा हिस्सा आधी द्या, सांगाडा तयार झाल्यावर कापड लावण्याआधी जाऊन पाहा, मग पुढचा हिस्सा द्या. दुकानातून हप्त्यावर घेणार असाल तर आधी रोखीचा भाव विचारा. समजा सोफा ३६,००० रुपयांचा, १२ महिने ३,००० चा हप्ता, "व्याज नाही" असे सांगतात. रोखीत तोच ३३,००० ला मिळत असेल तर मधले ३,००० हे व्याजच आहे, नाव वेगळे. शिवाय सुरुवातीची फी, आणि एखादा हप्ता चुकला तर कंपनीचा दंड वेगळा, बँकेचा वेगळा. आणि जूनमध्ये शाळा-कॉलेजची फी भरायची असते हे हप्ता ठरवतानाच ध्यानात ठेवा. फी आणि हप्ता एकाच महिन्यात ओढाताण करत असतील तर सोफा दिवाळीनंतर घेतला म्हणून काही बिघडत नाही.

"बिल नको, १८ टक्के वाचतील," असे कोणी म्हटले तर मोहात पडू नका. बिल नसेल तर सोफा सहा महिन्यांत बसला तरी तुम्ही तो तिथून घेतला याचा पुरावा नाही. बिलावर लाकूड कोणते, फोमचा आकडा किती, हमी किती वर्षांची आणि कशाची, हे लिहून घ्या. दुकानदार ऐकत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात जाता येते, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. आपला अर्ज आपण स्वतः लिहून, स्वतः उभे राहून मांडता येतो.

आता जिचा हॉल दहा फुटांहून रुंद आहे, खिडकीचे टोक मोकळे आहे, मुलांना अभ्यासाला आत जागा आहे आणि रात्री हॉलमध्ये दोनच माणसे झोपतात, तिने कॉर्नर सोफा खुशाल घ्यावा. लाऊंजरचा न घेता सरळ सोफा आणि त्याच उंचीची, त्याच कापडाची एक मोठी सुटी पफी घेतली तर आणखी बरे. दिवसा ती टोकाला लावली की कॉर्नर सोफा झाला, रात्री टेबलाखाली सरकवली की झोपायला जागा झाली. करून देणाऱ्या सुताराला हे सांगायला सोपे आणि पैसेही कमी.

मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर सोफ्याच्या वरच्या भिंतीवर लावू नका, एवढे मात्र सांगते. पाठ टेकली की डोके तसबिरीखाली येते, पोरे सोफ्यावर उभी राहून हात लावतात, आणि वंदनेला उभे राहायचे म्हटले की मध्ये सोफा. समोरची भिंत त्यासाठी ठेवा, टीव्ही तिथून थोडा बाजूला सरकला तरी चालेल.

सोफा आला की टेम्पोवाल्याला पैसे देण्याआधी भाग मोजा, डावे-उजवे नकाशाशी ताडून पाहा, पाय आणि क्लिपा बरोबर आल्यात का बघा. आणि जुना लोखंडी पलंग त्याच दिवशी भंगारवाल्याला देऊ नका. पंधरा दिवस गॅलरीत किंवा शेजारच्या काकूंकडे उभा करून ठेवा. नव्या सोफ्यावर आजोबांना झोप लागते की नाही, हे पंधरा दिवसांत कळते.

पुढच्या अंकात माळ्यावरच्या सामानाविषयी लिहीन. तुमच्या माळ्यावर गेल्या पाच वर्षांत न उघडलेली किती बोचकी आहेत, ती तोवर मोजून ठेवा.